कमलाबाईंची विकरे आणि व्यसनावरचा उतारा

केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्र प्रयोगशाळेत १९३७-३८ च्या सुमारास एका टेबलाला दोन मालक होते. रात्री त्यावर डॉ. डेरेक रिक्टर काम करत आणि दिवसा कमला भागवत ही भारतातून आलेली, पंचविशी ओलांडलेली संशोधक. प्रयोगशाळेत नव्या माणसाला जागा उरली नव्हती, म्हणून रिक्टर यांनी दिवसभरासाठी आपले टेबल तिला मोकळे करून दिले होते. ही कमला भागवत म्हणजे पुढे नावारूपाला आलेल्या डॉ. कमला सोहोनी. ज्येष्ठ लेखिका दुर्गाबाई भागवत यांची धाकटी बहीण, ही त्यांची घरगुती ओळख. त्यांची स्वतःची ओळख मात्र विकरांची आहे. विकर म्हणजे एन्झाइम. शरीरात एखादी रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणारे आणि स्वतः मात्र न खर्ची पडणारे प्रथिन.

कोकेन, निकोटिन यांसारखी द्रव्ये रक्तातच तोडून टाकणारी विकरे औषध म्हणून तयार करण्याची धडपड आज जगात चालू आहे. या धडपडीत सर्वांत मोठी अडचण आहे ती विकर टिकण्याची. ही अडचण आणि तिच्यावरचे उपाय समजून घ्यायचे, तर कमलाबाईंचे आयुष्य हा चांगला रस्ता आहे. त्यांनी ज्या दोन-तीन गोष्टींवर आयुष्य घालवले, त्याच गोष्टी या नव्या औषधांच्या कहाणीत पुन्हा भेटतात.

बंगळुरूच्या दारात

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघेही बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. रसायनशास्त्र या घरात परके नव्हते. १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत गुणवत्तेत पहिल्या आल्या. मुख्य विषय रसायन, जोडीला भौतिक. आता वडिलांच्या आणि काकांच्या संस्थेत जायचे, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल पारितोषिक मिळून तीन वर्षे झाली होती. त्यांनी अर्ज नाकारला, तो गुणांमुळे नव्हे, तर अर्जदार मुलगी आहे म्हणून. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगळुरूला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारले. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे होते आणि कमलाबाईंवर त्यांचा संस्कार होता. प्रवेश मिळेपर्यंत हटायचे नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीदेखील, काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. या अखेरच्या अटीतला अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण अट मान्य करून त्या कामाला लागल्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे आणि शिकवण्याची हौस असलेले होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातली आणि कडधान्यांतली प्रथिने अभ्यासली. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली आणि त्यानंतर संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला आणि मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि त्या केंब्रिजला पोहोचल्या. तिथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल ज्यांना नोबेल मिळाले, तेच हॉपकिन्स.

दिवसाच्या टेबलावरचे विकर

रिक्टर तेव्हा एका वेगळ्याच प्रश्नामागे होते. घाबरलो किंवा चिडलो की आपल्या शरीरात ॲड्रेनालिन सुटते. छाती धडधडते, तळहात ओले होतात. थोड्या वेळाने सगळे शांत होते. मग ते ॲड्रेनालिन जाते कुठे? काहीतरी त्याला मोडत असले पाहिजे. यकृतात टायरामिन या द्रव्याचे ऑक्सिडीकरण करणारे एक विकर असते, हे केंब्रिजमध्येच मेरी हेअर या संशोधिकेने १९२८ मध्ये दाखवले होते. पुढे रिक्टर, आणि नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून आलेले ह्यूगो ब्लाश्को यांच्या कामातून असे दिसू लागले की टायरामिन, ॲड्रेनालिन आणि त्यांच्या जातकुळीतली इतर अमाइन द्रव्ये मोडणारे विकर एकच आहे. त्याला अमाइन ऑक्सिडेज हे नाव पडले. आज त्याला मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणतात. १९३९ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये अमाइन ऑक्सिडेजवर जो शोधनिबंध आला, त्यावर तीन नावे होती: भागवत, ब्लाश्को आणि रिक्टर.

हे विकर व्यसनाच्या विषयाशी कसे जोडलेले आहे, ते पाहू. मेंदूतले डोपामाइन, सेरोटोनिन हे निरोप्यांचे काम करणारे रेणू. काम झाले की त्यांना मोडीत काढणाऱ्यांत अमाइन ऑक्सिडेज येते. म्हणजे आनंदाची, उत्साहाची लाट ओसरण्यात त्याचा हात असतो. आता ॲम्फेटामाइन हे नशेचे औषध घ्या. त्याची रचना या निरोप्यांसारखीच असते, पण विकर जिथे घाव घालते त्याच्या शेजारी एक जास्तीचा कार्बन पहारेकऱ्यासारखा उभा असतो. त्यामुळे विकराला तो रेणू सहज तोडता येत नाही आणि नशा तासन्‌तास टिकते. दमेकऱ्यांना पूर्वी देत असत त्या एफेड्रिनची गोष्टही अशीच. नशेचा काळ किती, हे नशेच्या द्रव्याइतकेच ते मोडणारे विकर कोणते आणि किती वेगाचे, यावर ठरते. आजच्या सगळ्या प्रयत्नांचे बीज या एका वाक्यात आहे.

तंबाखूचाही या विकराशी संबंध आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत अमाइन ऑक्सिडेजच्या ‘बी’ प्रकाराचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी असते, असे १९९६ मध्ये अमेरिकेत मेंदूच्या चित्रणातून दिसून आले. धुरातली काही द्रव्ये या विकराला रोखतात. तंबाखू सोडणे इतके अवघड का, याच्या अनेक कारणांपैकी हे एक मानले जाते.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल वनस्पतींवर काम करत. तिथे बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी सायटोक्रोम सी या प्रथिनाचा माग काढला. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे असे पुढे सरकवले जातात. पूर्वी आगीवर पाणी टाकताना माणसांची रांग लावून घागरी हातोहात पुढे देत, तसे. या रांगेतला एक हात म्हणजे लोह असलेले सायटोक्रोम सी. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये ते असते हे ठाऊक होते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते आणि तेच काम करते, हे कमलाबाईंच्या कामातून पुढे आले. श्वास घेण्याची रीत प्राण्यांची आणि झाडाची मुळात एकच, असा त्याचा अर्थ.

त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता आणि तो सुमारे १४ महिन्यांत पूर्ण झाला. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे. दोघींमुळे एकमेकींचे मोल कमी होत नाही.

वालाच्या बिरड्यातले रसायन

परदेशात राहण्याची संधी असताना कमलाबाई १९३९ मध्ये परत आल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला. ते विमागणितज्ञ होते. कमलाबाई मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. इथून पुढचे त्यांचे काम आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन उभे राहते.

वाल भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि मगच बिरडे करतात. कच्चे वाल कोणी खात नाही. का? घरातल्या मोठ्या बायका सांगतील की बाधतात. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या बाधण्याचे रसायन शोधले. आपल्या पोटात ट्रिप्सिन नावाचे विकर प्रथिने पचवते. अनेक कडधान्यांत याच ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात. त्यांना रोधक म्हणू. बी किड्यांनी खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ही तरतूद. कमलाबाई आणि के. एस. आंबे यांनी वाल आणि डबल बी यांतून हे रोधक स्फटिकरूपात वेगळे काढले. ते काम १९५५ मध्ये ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात आले. शिजवल्यावर यातले बरेचसे रोधक निकामी होतात आणि डाळीतले प्रथिन अंगी लागते. आपल्या शिवारात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘विजय’, ‘दिग्विजय’ हे हरभऱ्याचे वाण घेतले जातात. हरभऱ्यातही हे रोधक असतात. म्हणून भाजणे, भिजवणे, शिजवणे या जुन्या रीती फक्त चवीसाठी नाहीत.

इथे टिकाऊपणाचा प्रश्न प्रथम नीट दिसतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ, आणि ती विशिष्ट पद्धतीने दुमडली तरच काम करते. उष्णता लागली की दुमड उलगडते. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर घट्ट होतो, तो यामुळेच. पण काही रोधक शिजवल्यावरही चिवटपणे टिकून राहतात. त्यांची माळ लहान असते आणि ती जागोजागी गंधकाच्या पुलांनी टाचलेली असते. गोधडीला टाके घातले की कापडाचे थर सरकत नाहीत, तसेच हे. अन्नातल्या रोधकाच्या बाबतीत हा टिकाऊपणा त्रासदायक. औषध म्हणून विकर वापरायचे म्हटले की हाच गुण हवाहवासा होतो.

नीरा आणि ताडी

कमलाबाईंचे आणखी एक काम व्यसनाच्या अगदी दाराशी नेणारे आहे. ताड आणि शिंदीच्या झाडातून पहाटे काढलेला गोड रस म्हणजे नीरा. तीच नीरा उन्हात काही तास राहिली की यीस्टमधली विकरे साखरेचे मद्य करतात आणि तिची ताडी होते. झाड तेच, मडके तेच, फरक फक्त विकरांना मिळालेल्या वेळाचा. दारूबंदीच्या चळवळीत ताडीऐवजी नीरा हा विचार त्या काळी रुजला होता. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा कसून अभ्यास केला. नीरेत, तसेच तिच्यापासून केलेल्या गुळात आणि काकवीत जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात असतात, हे त्यांनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आरे दुग्ध प्रकल्पाला दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी सल्ला दिला. विज्ञान संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांना काही वर्षे उशिरा मिळाले. बंगळुरूच्या दाराची आठवण करून देणारीच ही गोष्ट.

रक्तातली कात्री

आता आजच्या प्रयत्नांकडे येऊ. अफू, हेरॉइन यांचा अतिडोस झाला तर नॅलोक्सोन नावाचे औषध आहे. ते नशेच्या रेणूला मेंदूतल्या त्याच्या जागेवरून हुसकावून लावते आणि थांबू पाहणारा श्वास परत येतो. कोकेनसाठी असे मान्यताप्राप्त औषध नाही. अतिडोस झालेल्या रुग्णाचे वाढलेले तापमान, रक्तदाब, हृदयाचे ठोके, झटके एकेक करून सांभाळायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. म्हणून संशोधकांनी वेगळा विचार केला. मेंदूतल्या जागेसाठी झटापट करण्यापेक्षा कोकेन रक्तातच कापून टाकले तर?

कापणारी एक कात्री आपल्या रक्तात आधीच आहे. यकृतात तयार होणारे ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे विकर. आपल्या भागातल्या डॉक्टरांना ते परके नाही. फवारणी करताना किंवा अन्य कारणाने कीटकनाशकाची विषबाधा झालेला रुग्ण आला की रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी होते, ती याच विकराची. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके त्याला निकामी करतात, म्हणून त्याची पातळी घसरली की विषबाधेचा अंदाज येतो. हेच विकर कोकेनही तोडते, पण फार संथपणे. रक्तातले कोकेन निम्म्यावर यायला साधारण तासभर लागतो. अतिडोसमध्ये जीव वाचवायचा असेल तर एवढा वेळ नसतो.

वेगवान कात्री सापडली मातीत. कोकेन ज्या कोका झाडापासून मिळते, त्याच्या मुळांभोवतीच्या मातीत ऱ्होडोकॉकस जातीचा एक जिवाणू राहतो. झाडातून मातीत उतरणारे कोकेन हेच त्याचे अन्न. ते पचवण्यासाठी त्याच्याकडे कोकेन एस्टरेज नावाचे विकर आहे, आपल्या रक्तातल्या विकरापेक्षा कित्येक पटींनी वेगवान. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने मारक डोसातूनही जीव वाचवला. पण एक मोठी अडचण निघाली. मातीत थंडाव्याला राहणाऱ्या जिवाणूचे हे विकर ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, १२-१३ मिनिटांतच निम्मे निकामी होते. वालातला रोधक शिजवून जसा मोडतो, तसे हे विकर आपल्या साध्या अंगऊबेनेच मोडते.

मग सुरू झाले टाके घालण्याचे काम. या विकराची माळ ५७४ अमिनो आम्लांची आहे. तिचा कोणता भाग आधी सैल पडतो, हे संगणकावर आणि प्रयोगांतून शोधले गेले. १७२ आणि १७३ या क्रमांकांच्या दोन अमिनो आम्लांच्या जागी दुसरी दोन बसवली, तर विकर मिनिटांऐवजी सुमारे ६ तास टिकू लागले. पुढे दोन विकर-रेणू एकमेकांना गंधकाच्या पुलांनी जोडले. तेव्हा परीक्षानळीत ३७ अंशांवर ते १०० दिवसांहून अधिक काळ टिकल्याचे दिसले. कडधान्यातला रोधक निसर्गाने ज्या युक्तीने टिकाऊ केला, तीच युक्ती इथे माणसाने वापरली. रक्तात मात्र एवढा काळ विकर राहत नाही, कारण शरीर परके प्रथिन बाहेर काढते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडेही तयार करते. म्हणून त्याच्यावर विशिष्ट पॉलिमरचे वेष्टन चढवण्यासारखे उपायही करावे लागतात. विकरात असे नेमके बदल करणे आणि त्यांतून सरस निवडणे, ही आता स्वतंत्र विद्या झाली आहे. तिच्यातल्या मूलभूत कामासाठी फ्रान्सेस आर्नल्ड यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

दोन ठिकाणी बदललेले कोकेन एस्टरेज माणसांपर्यंत पोहोचले आहे. कोकेन घेणाऱ्या स्वयंसेवकांवर केलेल्या एका चाचणीत विकर टोचल्यावर दोन मिनिटांत रक्तातले कोकेन सुमारे ९० टक्क्यांनी घटले. ही चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अतिडोसच्या वेळी हे काम मोलाचे ठरू शकते. पण ते अद्याप बाजारात आलेले औषध नाही.

तंबाखूच्या शेतातला जिवाणू

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना कोकेन दूरचे वाटेल. तंबाखू, मिश्री, गुटखा दूरचे नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याची पुडी कुठे सापडते हे सगळ्यांना माहीत आहे. या व्यसनाच्या मुळाशी असलेल्या निकोटिनसाठीही मातीतलाच एक जिवाणू सापडला आहे. चीनमधल्या तंबाखूच्या शेतातल्या मातीतून मिळालेला स्युडोमोनास पुटिडा. त्याचे निकए-२ हे विकर निकोटिन तोडते. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की हे विकर शरीराच्या तापमानाला रक्तद्रवात तीन आठवड्यांहून अधिक टिकते. म्हणजे इथे टिकाऊपणाची अडचण नव्हती. अडचण होती संथपणाची.

या संथपणाचे कारण शोधताना निघालेला निष्कर्ष कमलाबाईंना आवडला असता. निकए-२ हे अमाइन ऑक्सिडेजच्याच कुळातले आहे, म्हणजे रिक्टर यांच्या टेबलावरच्या विकराचे भाऊबंद. या कुळातली विकरे तोडलेल्या रेणूतले इलेक्ट्रॉन सहसा ऑक्सिजनला देतात, म्हणून हेही तसेच करत असणार असे सर्वांनी धरले होते. २०२१ मध्ये लक्षात आले की जिवाणूच्या शरीरात हे विकर आपले इलेक्ट्रॉन देते ते सायटोक्रोम सीला. घागरींच्या रांगेतल्या त्याच हाताला. आपल्या रक्तात तो हात जवळ नसतो, फक्त ऑक्सिजन असतो आणि ऑक्सिजनशी या विकराचे फारसे जमत नाही. म्हणून ते रखडते. कारण कळल्यावर संशोधकांनी विकरात असे बदल घडवले की ते ऑक्सिजनशीही झपाट्याने काम करू लागले. निकोटिनची चटक लागलेल्या उंदरांना हे विकर दिल्यावर त्यांचे हट्टाने निकोटिन घेणे कमी झाल्याचेही एका प्रयोगात दिसले. माणसांवरचा पल्ला अजून बाकी आहे.

कमलाबाईंचे काम थेट या औषधासाठी झाले असे म्हणणे चूक होईल. त्या काळी तसे कोणाच्या मनातही नव्हते. एक विकर अमाइन कसे मोडते आणि एक प्रथिन इलेक्ट्रॉन कसे पुढे देते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. पण असे पायाभूत ज्ञान आधी साठलेले असते, म्हणूनच ऐंशी वर्षांनी कोणीतरी अडले की नेमके कुठे पाहायचे ते कळते.

विकर पुरेसे आहे का?

अतिडोस ही तातडीची गोष्ट आहे आणि व्यसन ही दीर्घ मुदतीची. माणसाच्याच रक्तातले विकर बदलून वेगवान केले, ते जास्त दिवस टिकावे म्हणून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडले आणि कोकेनच्या व्यसनींना १२ आठवडे दर आठवड्याला टोचले, अशी एक चाचणी झाली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. काही रुग्णांच्या लघवीत कोकेन न सापडण्याचे प्रमाण वाढले, पण व्यसन पूर्ण सुटण्याच्या मुख्य कसोटीवर औषध उतरले नाही. विकर रक्तातला रेणू कापते. तो रेणू हवासा वाटायला लावणारी आठवण, सवय, संगत आणि दुःख रक्तात नसते, त्यामुळे ते कापले जात नाही. मात्र नशा केली तरी ती चढतच नाही, असा काही महिन्यांचा काळ मिळाला, तर समुपदेशन आणि कुटुंबाचा आधार यांना काम करायला जागा मिळते. विकराकडून एवढीच, पण महत्त्वाची अपेक्षा ठेवता येते.

आपल्या जिल्ह्याने या दुसऱ्या बाजूचे काम पाहिलेले आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात दारूबंदी झाली ती गावाने मिळून ठरवल्यामुळे, आणि पाणी, शेती, रोजगार यांच्या कामाला ती जोडली गेल्यामुळे. माणूस व्यसनातून बाहेर येतो तेव्हा त्याला परत येण्यासाठी काहीतरी हवे असते. ते प्रयोगशाळेत बनत नाही.

म्हणून आज घरात कोणाला व्यसन असेल, तर नव्या विकरांची वाट पाहत थांबू नये. तंबाखू आणि दारू सोडण्यासाठी उपयोगी औषधे आणि समुपदेशन आत्ताही उपलब्ध आहे. अमली पदार्थ आणि दारूच्या व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी मदतवाहिनी आहे, तर तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. दारू रोज आणि भरपूर घेणाऱ्याने ती अचानक स्वतःच्या मनाने बंद करू नये. झटके येण्याचा धोका असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडावी. बेशुद्ध रुग्णाला घरगुती उतारे देत बसू नये. त्याला एका कुशीवर वळवून लगेच दवाखान्यात न्यावे आणि त्याने काय घेतले होते, ते डॉक्टरांना न लपवता सांगावे.

निवृत्तीनंतरही कमलाबाईंचे रसायनशास्त्र सुटले नाही. मुंबईत १९६६ मध्ये सुरू झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या आणि पुढे १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. अन्नातली भेसळ कशी ओळखायची, वस्तू घेताना काय पाहायचे, यावर त्यांनी संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात लिहिले. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला.  ज्या मुलीला बंगळुरूत वर्षभर विद्यार्थिनी म्हणूनही मान्यता नव्हती, तिचा सन्मान देशाची वैद्यक संशोधन परिषद करत होती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांचे निधन झाले. त्या ८६-८७ वर्षांच्या होत्या.

त्यांच्या नावाचे एखादे औषध नाही. पुढच्या वेळी घरात वाल भिजत घातले की त्यांची आठवण काढावी. आणि एखाद्या दिवशी कोकेनचा किंवा निकोटिनचा उतारा म्हणून एखादे विकर बाजारात आल्याची बातमी वाचली, तर तेव्हाही काढावी.